पॅटर्नवाल्याच्या पोराने थ्रीडी प्रिंटर घ्यावा का?

सागवानी_पोरगा (धागाकर्ता)
सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. चार वर्षं इथं नुसता वाचतोय, धागा पहिलाच, जिलबी (म्हणजे उगाच टाकलेला धागा) वाटली तर सांभाळून घ्या.

आमचं कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीत पॅटर्न शॉप आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बिडाची म्हणजे ओतीव लोखंडाची वस्तू ओतायची तर आधी तिच्या आकाराची लाकडाची वस्तू करावी लागते, ती वाळूत दाबून काढून घेतली की जी पोकळी राहते तिच्यात वितळलेलं बीड ओततात. ती लाकडी वस्तू म्हणजे पॅटर्न. कास्टिंग आतून पोकळ हवं असेल तर वाळूचाच गाभा करून आत ठेवायचा, त्याला कोअर म्हणतात, आणि कोअर ज्यात ठासून भरतात ती कोअर बॉक्स. बाबा हे काम ४१ वर्षं करतायत, सागवानात. मी डिप्लोमा मेकॅनिकल करून दोन वर्षं पुण्यात नोकरी केली आणि परत आलो.

गेल्या आठवड्यात एक गिऱ्हाईक आलं. नदीवरच्या उपसा योजनेचा जुना पंप आहे, कंपनी कधीच बंद पडलीय, ड्रॉइंग नाही, स्पेअर नाही. इंपेलर म्हणजे पंपाच्या आत फिरणारी पात्यांची चाकं हवीत, फक्त ६ नग, व्यास ३०० मिमी. बाबांनी पॅटर्न आणि कोअर बॉक्स मिळून ३८ हजार आणि तीन आठवडे सांगितले कारण आतली वाकडी पाती लाकडात कोरणं म्हणजे डोळे जातात. गिऱ्हाईक म्हणालं एवढं कशाला, थ्रीडी प्रिंट करा की, माझा भाचा इंजिनिअर आहे तो म्हणतो दोन दिवसात होतंय. बाबा काही बोलले नाहीत, पण रात्री जेवले कमी.

तर प्रश्न असा की साडेतीन लाखाचा मोठा प्रिंटर घ्यावा का? कर्ज मिळतंय. का बाहेरून प्रिंट करून घ्यावं? आणि हे लाकडाचं काम खरंच पाच-दहा वर्षांत संपणार का?


चहाबिस्किट
सोमवार, रात्री १०:२०

पहिला नंबर माझा. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.


शंकासूर
सोमवार, रात्री १०:४१

थ्रीडी प्रिंटिंग म्हणजे दर दोन वर्षांनी येणारी हवा आहे. माझ्या ऑफिसात एक आणलेला, सहा महिने त्याच्यावर सगळ्यांनी मोबाईल स्टँड आणि पोरांसाठी डायनासोर काढले, आता त्याच्यावर प्रिंटरचे म्हणजे कागदाच्या प्रिंटरचे रिम ठेवतात. कर्ज काढू नका. बाकी तुमची मर्जी.


भोसरीची_भिंगरी
सोमवार, रात्री ११:०५

शंकासूर, डायनासोर काढणाऱ्याचा दोष, मशीनचा नाही :)

मी भोसरीत टूलरूममध्ये आहे, प्लास्टिकच्या वस्तू काढायचे स्टीलचे मोल्ड म्हणजे साचे करतो. माझ्याकडचंच एक उदाहरण देतो, आकडे गोल करून. एक नॉब होता, १८ ग्रॅमचा. प्रिंट करायला दीड तास, सगळा खर्च धरून ६५ रुपये नग. मोल्ड केला तर १ लाख ८० हजार, पण नंतर नग पडतो ५ रुपयाला. म्हणजे नगामागे ६० रुपये वाचतात, १ लाख ८० हजार भागिले ६०, ३००० नगांना बरोबरी. त्याच्या खाली प्रिंट स्वस्त, वर गेलात की मोल्ड. आणि वेळ बघा: ३००० नग एका प्रिंटरवर म्हणजे ४५०० तास, रात्रंदिवस चालवून १८७ दिवस, तेही लाईट गेली नाही तर (हसू नका, भोसरीत गुरुवारी जाते). मोल्डिंग मशीनवर दोन कॅव्हिटीचा (एका वेळी दोन नग देणारा) मोल्ड लावला तर तेवढेच नग दोन शिफ्टमध्ये पडतात.

पण यात एक गोष्ट कुणी धरत नाही. त्या नॉबचं ड्रॉइंग गिऱ्हाइकाने तीनदा बदललं. प्रिंटवर बदल म्हणजे ६५ रुपये आणि रात्रभर थांबणे. मोल्ड झाल्यावर बदल म्हणजे एकदा २५ हजार गेले असते, कारण स्टील काढता येतं पण घालता येत नाही, घालायचं तर वेल्डिंग मारून परत मशिनिंग. म्हणून आम्ही आधी १० नग प्रिंट करून गिऱ्हाइकाच्या हातात देतो, महिनाभर फिरव बाबा नॉब, मग सही कर. सही झाल्याशिवाय स्टीलला हात लावत नाही. रॅपिड प्रोटोटायपिंग म्हणतात ते आमच्या दृष्टीने एवढंच, चुका स्वस्तात करून घेणे.

तुमचे नग ६. त्यात विचार करण्यासारखं काय आहे ते कळलं नाही, प्रिंटच.


ओतारीबुवा
मंगळवार, सकाळी ६:५०

भिंगरी साहेब, तुमचं गणित बरोबर आहे पण ते प्लास्टिकचं आहे. इथं प्रिंट केलेली वस्तू गिऱ्हाइकाला द्यायची न्हाई, ती वाळूत जाणार आहे. इंपेलर बिडाचाच पाहिजे.

मी उद्यमनगरात फौंड्रीत वाढलो, आता गोकुळ शिरगावला आमची स्वतःची आहे, दोन इंडक्शन भट्ट्या. पोरा, आधी कामाचं सांगतो मग शहाणपणाचं.

एक, बीड गार होताना आटतंय, साधारण एक टक्का. ३०० मिमीला ३ मिमी. तुझे बाबा जी फुटपट्टी वापरतात ती बाजारातली न्हवं, ती कॉन्ट्रॅक्शन स्केल असती, तिच्यावरचा इंच हा इंचापेक्षा मोठा असतो. भाच्याच्या कॉम्प्युटरला हे कोण सांगणार? दोन, जिथं मशिनिंग होणार तिथं ३ मिमी जादा ठेवायला लागतंय. तीन, पॅटर्न वाळूतनं वर निघायला पाहिजे म्हणून बाजूंना उतार लागतो, ड्राफ्ट. प्रिंटच्या पट्ट्या पट्ट्या असतात ना अंगावर, त्यात वाळू धरून बसती आणि साचा फाटतो. मी बघितलंय. एकानं आणलेला प्रिंटचा पॅटर्न, जोल्ट मशीनवर, म्हणजे दणके देऊन वाळू ठासणाऱ्या मशीनवर, पहिल्याच दणक्याला आतनं चेपला, कारण आत मधमाश्याच्या पोळ्यासारखं पोकळ होतं.

नाद करायचा तर नीट करायचा.


तुकडेमोड
मंगळवार, सकाळी ९:३०

ओतारीबुवा, पोकळ चेपतं हे खरंय पण त्यावर इलाज आहे. इनफिल म्हणतात त्या पोळ्याला, ते १५ टक्के ठेवलं तर चेपणारच. ४०-५० टक्के ठेवा, बाहेरच्या भिंती पाच-सहा थराच्या करा किंवा मागून इपॉक्सी ओता. पट्ट्यांना पुट्टी मारून पॉलिश पेपर, वरून डुको. बाकी लाकडाला पण रंग मारताच की.

माझा अनुभव दोन्ही बाजूंचा आहे. हौशी आहे, घरी दोन प्रिंटर. सगळ्यात मोठी फजिती मिक्सरच्या कपलरची. बायकोला म्हटलं बाजारातून कशाला आणतेस, मी काढतो. पीएलए नावाच्या प्रिंटिंगच्या प्लास्टिकमध्ये काढला. पीएलए साधारण ६० डिग्रीला मऊ पडतं, आणि मोटरचा शाफ्ट ओल्या खोबऱ्याच्या चटणीला तेवढा तापतो हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. कपलर शाफ्टवर च्युइंगमसारखा वितळून बसला. बाजारातला ४० रुपयाचा आणला आणि शाफ्ट साफ करायला २५० दिले. याशिवाय नागपूरला सासरी जाताना मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर एक क्लिप ठेवलेली, तिचा कुरडईसारखा आकार झाला.

आणि दुसरी बाजू. २०२० चा लॉकडाऊन. डॉक्टरांना फेसशिल्ड मिळत नव्हते, इंटरनेटवर प्रुसा या प्रिंटरवाल्या कंपनीचं डिझाईन फुकट होतं, आम्ही काही जणांनी आपापल्या घरी पट्टे प्रिंट करायला घेतले. माझे दोन प्रिंटर मिळून दिवसाला १४ पट्टे. रात्री दोनला अलार्म लावून उठायचो, प्लेट बदलायची, परत झोपायचं. साधारण तीन आठवड्यांनी एकाने मोल्ड करून घेतला आणि त्याचे पट्टे दिवसाला हजारात पडायला लागले, आमचे १४ हास्यास्पद झाले. पण ते तीन आठवडे मोल्ड नव्हता ना. त्या तीन आठवड्यात जे पट्टे गेले ते आमचेच गेले.


चहाबिस्किट
मंगळवार, सकाळी ९:४४

चटणीला जीआय टॅग मिळवा, "पीएलए चटणी". हलकेच घ्या.


सोनचाफा
मंगळवार, दुपारी १:१५

सागवानी, मी दागिन्यांच्या कॅडमध्ये (कॉम्प्युटरवर डिझाईन) आहे, अंधेरीला सीप्झमध्ये. आमच्याकडे तुमचा प्रश्न केव्हाच येऊन गेला. अंगठी आता कॉम्प्युटरवर काढतात, मेणासारख्या रेझिनमध्ये प्रिंट होते, मग अशा पन्नास-साठ अंगठ्या एका दांड्याला फांद्यांसारख्या चिकटवून त्याचं झाड करतात, त्याच्याभोवती प्लास्टर ओततात, भट्टीत टाकलं की रेझिन जळून जातं आणि त्या पोकळीत सोनं. म्हणजे ओतकाम जुनंच, हजारो वर्षांचं, बदललं फक्त मेण कोण करतं ते.

कारागीर गेले का? काही गेले, खोटं कशाला बोलू. जे हाताने मेण कोरायचे त्यातले बरेच गेले. पण स्टोन बसवणारे, पॉलिशवाले तिथेच आहेत आणि त्यांचा पगार माझ्यापेक्षा जास्त आहे. आणि जे कोरणारे कॅड शिकले ना, त्यांची डिझाईन्स आमच्यासारख्या कॉलेजमधून आलेल्यांपेक्षा चांगली असतात, कारण सोनं कुठे भरणार नाही, कुठे पातळ पडून तुटेल हे त्यांना बोटांना माहीत असतं. बाबांना माऊस द्या हातात.


शंकासूर
मंगळवार, दुपारी १:५०

दागिने, खेळणी, फेसशिल्ड. म्हणजे माझाच मुद्दा. जिथे खरी ताकद लागते तिथे कोण वापरतं हे?


सातासमुद्रापार
मंगळवार, रात्री ८:०२ (माझ्याकडे सकाळ)

शंकासूर, विमानात बसता का? मग कदाचित प्रिंट केलेल्या भागाच्या जिवावर बसला असाल.

मी ओहायोत विमानाच्या इंजिनांच्या सप्लायरकडे आहे. लीप नावाचं इंजिन आहे, ए३२० निओ आणि ७३७ मॅक्सवर असतं, आपल्याकडे रोज दिसतं विमानतळावर. त्याचा फ्युएल नोझल, म्हणजे इंधन फवारणारी तोटी, जीई कंपनी प्रिंट करते. आधीच्या पद्धतीत सुमारे २० तुकडे करून जोडायला लागायचे, आता एकच तुकडा, वजन २५ टक्के कमी. आतले इंधनाचे रस्ते इतके वेडेवाकडे आहेत की ड्रिल तिथे पोचूच शकत नाही. इथे स्वस्त पडतं म्हणून प्रिंट करत नाहीत, दुसऱ्या कुठल्या रीतीने तो आकार होतच नाही म्हणून करतात.

आणि आपलं घरचं उदाहरण घ्या. इस्रोने ९ मे २०२४ ला पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचं पीएस४ इंजिन प्रिंट करून ६६५ सेकंद चालवून दाखवलं. १४ भागांचा एक भाग झाला, १९ वेल्ड गेले. आधी एका इंजिनाला ५६५ किलो धातू लागायचा, फोर्जिंग आणि पत्रा, ज्यातला बराचसा कातून फेकून द्यायचा, आता १३.७ किलो पावडर. त्याच महिन्यात ३० तारखेला चेन्नईच्या अग्निकुलने श्रीहरिकोटाहून रॉकेट उडवलं त्याचं इंजिन तर एकसंध प्रिंट केलेलं होतं.

पण धागाकर्त्यांनी हे वाचून हुरळून जाऊ नये. धातूचं प्रिंट म्हणजे बटण दाबलं आणि आलं असं नसतं. आरगॉन भरलेल्या पेटीत पिठासारखी बारीक पावडर, लेसरने थर थर वितळवायची, झालं की आतला ताण काढायला भट्टीत, मग प्लेटवरून वायरकटने कापून काढा, सपोर्ट तोडा, आणि जिथे फिट बसायचं तिथे शेवटी मशिनिंग आहेच. साडेतीन लाखात त्या मशीनची पावडर चाळायची चाळणी येईल फार तर. तुमच्या ६ इंपेलरना धातूत प्रिंट हा विचारही नको.


भोसरीची_भिंगरी
मंगळवार, रात्री ९:१०

अगदी. आणि गंमत म्हणजे आमच्याकडे धातूचं प्रिंट शिरलं ते मोल्डच्याच आत. मोल्ड गार करायला पाण्याची भोकं लागतात, ड्रिल सरळच जातं, वस्तू मात्र वळलेली, मग एक कोपरा तापलेला राहतो आणि त्याच्यासाठी सगळी सायकल थांबते. आता तेवढा इन्सर्ट (मोल्डमध्ये बसवायचा तुकडा) प्रिंट करतात, पाण्याचा रस्ता वस्तूच्या वळणाने फिरतो. एका जॉबला सायकल ३८ सेकंदावरून २९ वर आली. म्हणजे लाखांत नग काढणाऱ्या जुन्या पद्धतीला प्रिंटनेच वेग दिला. मग आता याला नवीन म्हणायचं का जुनं ते तुम्हीच ठरवा, मला टंकायचा कंटाळा आला.


दाढदुखी
मंगळवार, रात्री ११:३०

भिंगरींच्या ३००० च्या गणितात एक गृहीत आहे, सगळे नग सारखे. मी दंतवैद्य आहे. दात सरळ करायचे पारदर्शक अलायनर असतात ना, ती कवळी बहुतेक ठिकाणी प्रिंट केलेली नसते. पेशंटच्या दातांचा साचा प्रिंट करतात, त्याच्यावर प्लास्टिकचा पत्रा गरम करून ओढून बसवतात. दर टप्प्याला दात किंचित सरकलेले, म्हणजे दर टप्प्याला नवीन साचा, एका पेशंटला वीस-पंचवीस. जगभरात असे साचे लाखोंनी प्रिंट होतात आणि एकही दुसऱ्यासारखा नसतो. कानाच्या मशीनचं बाहेरचं कवच तसंच, प्रत्येकाचा कान वेगळा. तिथे मोल्डची बरोबरी लाखाला पण होत नाही आणि कोटीला पण होत नाही.

म्हणजे नग किती हा प्रश्न अर्धाच, सारखे किती हा खरा.


चहाबिस्किट
मंगळवार, रात्री ११:३४

डॉक्टर रात्री साडेअकराला जागे, म्हणजे दाढ कुणाची दुखतेय नक्की?


तुकडेमोड
बुधवार, सकाळी ८:१५

दाढदुखी +१. अवांतर पण रोचक: ही कला आपल्याला नवीन वाटते पण चाळीस वर्षं झाली. जपानात नागोयाच्या हिदेओ कोडामांनी १९८१ च्या आसपास प्रकाशाने रेझिन घट्ट करून थर रचायची रीत मांडली पण पेटंटचं काम वेळेत पुरं झालं नाही, पुढे अमेरिकेत चक हलला १९८६ ला पेटंट मिळालं. आपण घरी वापरतो ती तार वितळवायची पद्धत स्कॉट क्रम्पची, त्याने म्हणे पोरीसाठी बेडूक करायला डिंकाची बंदूक घेतली आणि थर लावत बसला. ते पेटंट २००९ ला संपलं, त्याआधी २००५ पासून इंग्लंडात बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर लोकांना फुकटात प्रिंटर बनवायला शिकवत होताच, म्हणून मग लाखांची मशीनं हजारांत आली. म्हणजे माझी चटणी खराब व्हायला एक पेटंट संपायला लागलं.


पेणचा_पाहुणा
बुधवार, दुपारी १२:४०

आमचा गणपतीचा कारखाना आहे. आमच्याकडे मातीत एक मूर्ती घडवतात, तिच्यावरून रबराचा साचा घेतात आणि त्यातून शेकड्याने मूर्ती. दोन वर्षांपूर्वी पुतण्याने डोकं चालवलं, एक फुटाची मूर्ती स्कॅन केली, कॉम्प्युटरवर तिप्पट केली, तुकड्यात प्रिंट करून जोडली, घासली, साचा घेतला. तीन फुटांची मूर्ती एका आठवड्यात तयार. सगळे खूश.

रंगवायला बसल्यावर आमचा आखणी करणारा कारागीर म्हणाला, याच्या नजरेत काहीतरी चुकलंय. सगळ्यांनी बघितलं, खरंच चुकलेलं. एक फुटाची मूर्ती देव्हाऱ्यात डोळ्यासमोर असते, तीन फुटांची पाटावर वर असते आणि माणूस खालून बघतो, म्हणून हाताने मोठी मूर्ती घडवताना मान थोडी पुढे झुकवतात, वरची पापणी वेगळी ठेवतात. कुणी सांगत नाही, लिहिलेलं नाही, करत आलेत. स्कॅनने सगळं बरोब्बर तिप्पट केलं आणि बाप्पा भक्तांच्या डोक्यावरून पलीकडे बघायला लागले.

तरी प्रिंट सोडलेलं नाही. पुतण्या आता प्रिंटवर मातीचा हात फिरवून घेतो, मान-डोळे कारागीर करतो, बाकी अंग प्रिंटचं. वेळ निम्मा झालाय. (शाडू का पीओपी हा वाद इथे आणू नये, हात जोडून विनंती.)


सागवानी_पोरगा
बुधवार, रात्री ९:५५

बापरे, एवढे प्रतिसाद. सगळ्यांचे आभार. बाबांना मोठ्याने वाचून दाखवले, पेणच्या मूर्तीला ते "बघ" एवढंच म्हणाले.

पेणकरांनी स्कॅनचं लिहिलं आणि मला घाम फुटला. गिऱ्हाइकाने नमुन्याला जो जुना इंपेलर दिलाय तो तीस वर्षं गाळाचं पाणी खाल्लेला आहे. भाचा तोच स्कॅन करणार होता. बाबा म्हणाले झिजलेलं मोजलं तर नवा पण झिजलेलाच जन्माला येईल. पात्यांची टोकं कागदासारखी पातळ झालीत, एका बाजूला दोन मिमी फरक आहे. बाबांनी सहाही पात्यांवर हात फिरवून सगळ्यात कमी झिजलेलं एक निवडलं, त्याच्यावर खडूने खूण केली, म्हणाले हे धर, बाकी पाच याच्यासारखी काढ.

मी तेच कॅडमध्ये घेतोय. ओतारीबुवा, आटण्याचा एक टक्का आणि मशिनिंगचे ३ मिमी टाकलेत. ड्राफ्ट किती ठेवू?


ओतारीबुवा
गुरुवार, सकाळी ६:३५

एक ते दीड डिग्री बाहेरनं. आणि एक विचारतो, सगळंच प्रिंट कशाला करतोस? इंपेलरचं बाहेरचं अंग गोल हाय. गोल वस्तू लेथवर तुझे बाबा दोन दिवसात कातून देतील, सागवानात, आणि वाळूला ती प्रिंटपेक्षा गुळगुळीत. अवघड काय हाय? पाती. पाती कुठं असत्यात? कोअरमध्ये. मग फक्त कोअर बॉक्स प्रिंट कर. ३८ हजारातले निम्म्याच्या वर पैसे त्या कोअर बॉक्सचेच असणार, विचार बाबांना.

मोठ्या मशीनवर थेट वाळूतच कोअर प्रिंट करून देणारे पण हायत आता, बॉक्सची भानगडच न्हाई, पण सहा नगाला वाहतूक आणि मोडतोड धरली तर आपल्याला परवडायचं न्हाई असं माझं मत.


शंकासूर
गुरुवार, सकाळी १०:००

हे मात्र पटलं. इंजिनाचं पण पटलं. फक्त डायनासोरचं पटलेलं नाही.


सोनचाफा
गुरुवार, सकाळी १०:२२

ओतारीबुवांचा प्रतिसाद वाचनखुणेत टाकला.


चहाबिस्किट
गुरुवार, सकाळी १०:२५

शंकासूर यांना काहीतरी पटलं, धागा वर्तमानपत्रात द्या.


अवांतर_अण्णा
गुरुवार, दुपारी ४:१०

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला १९०३ साली, तेव्हा शेतकरी म्हणायचे लोखंडाने जमीन विषारी होते. तेव्हा लाकडी नांगर करणारे सुतार हेच विचारत असतील, आमचं काम संपणार का म्हणून. संपलंच म्हणा बरंचसं. पण ते लोखंडी नांगर ओतायला लाकडी पॅटर्न लागले असणार आणि ते कुणी केले असतील? सुतारांनीच ना?


भोसरीची_भिंगरी
गुरुवार, संध्याकाळी ७:४५

अण्णा, पहिल्यांदाच विषयाला धरून लिहिलंत, सत्कार करायला हवा.


सागवानी_पोरगा
२४ दिवसांनी, रविवार, सकाळी ११:२०

धागा वर काढतोय, सांगितल्याशिवाय राहवत नाही.

ओतारीबुवांचं ऐकलं. बाहेरचा पॅटर्न बाबांनी सागवानात लेथवर केला, दीड दिवस. कोअर बॉक्स पुण्यातून प्रिंट करून आणली, चार तुकड्यात, भरीव इनफिल, ९ हजार. पुट्टी आणि डुको मी मारला, तीन वेळा, कारण पहिल्या दोन्ही वेळा बाबांनी अंगठा फिरवून नापास केला. पहिला कोअर भरला, अलगद निघाला, मी फोटो काढून गिऱ्हाइकाला पाठवायला घेतला.

बाबा कोअर हातात घेऊन उजेडात फिरवत होते. म्हणाले पंप कुठल्या बाजूला फिरतो रे? मी म्हटलं घड्याळासारखा. ते म्हणाले मग हा त्याचा भाऊ आहे, हा उलटा फिरतो.

पॅटर्नच्या जागी कोअरची बॉक्स काढताना आतलं बाहेर, बाहेरचं आत करतो ना, त्या नादात मी मॉडेल आरशातलं करून बसलो होतो. सगळी पाती उलट्या दिशेने वळलेली. स्क्रीनवर इतके दिवस बघतोय, दिसलं नाही. बाबांना पाच सेकंद लागली. ते म्हणाले लाकडात मी सुद्धा एकदा केलंय हे, ८९ साली, १७ दिवसांचं काम चुलीत गेलं.

माझं मात्र चुलीत गेलं नाही. फाईल उलटी केली, पाती असलेले दोनच तुकडे परत प्रिंट करायचे होते, पुणेवाल्याने रात्रीत मशीनवर टाकले, तिसऱ्या दिवशी एसटीने पार्सल आलं, २६०० रुपये. कोअर भरले, ओतारीबुवांच्याच फौंड्रीत ओतले (हो, भेटलो, चहा पाजला, पैसे मात्र पूर्ण घेतले). ७ ओतले, एकात कोअर सरकून पातं जाड झालं, ६ चांगले. बॅलन्सिंगला थोडंच खरडायला लागलं. आमचं बिल झालं २४ हजार, १९ दिवस. म्हणजे दोन दिवसात वगैरे काही झालं नाही, भाच्याला सांगा.

पंप परवा सुरू झाला. आता खालच्या अंगाच्या दोन योजनांचे पण तेच पंप आहेत, तिथून विचारणा आलीय, सगळे मिळून ४० नग.


ओतारीबुवा
रविवार, सकाळी ११:५८

पैसे पूर्ण घेतले कारण चहात साखर नव्हती.

४० नगाला ती प्रिंटची बॉक्स टिकल असं वाटत न्हाई, वाळू घासून घासून कडा जातील. पण तीच मास्टर धरून अ‍ॅल्युमिनियमची ओतून घे. आता आकाराची खात्री झाली न्हवं का.


तुकडेमोड
रविवार, दुपारी १२:३०

भारी! मग मूळ प्रश्नाचं काय? साडेतीन लाखाचा प्रिंटर?


सागवानी_पोरगा
रविवार, रात्री ९:१५

कर्ज नाही काढलं. मोठं काम बाहेरून करून घेणार. पण रात्रीत एखादा तुकडा बदलायला जवळ हवा म्हणून ४२ हजाराचा छोटा घेतला. तो शॉपमध्ये ठेवला तर दोन दिवसात लाकडाचा भुसा आणि धूळ रेलवर बसून थर सरकायला लागले. घरी नेऊ म्हटलं तर आई नको म्हणाली.

शेवटी बाबांनी त्याच्यासाठी पेटी केली. सागवानी, काचेचं दार, खालून हवा यायला जाळी, बिजागऱ्या पितळी. माझ्याकडून प्रिंटरची मापं घेतली तेव्हा म्हणाले सगळीकडून दोन दोन इंच जादा दे, उद्या मोठा घेशील. लाकूड आणि मजुरी धरली तर पेटी प्रिंटरपेक्षा महाग पडली असती.


चहाबिस्किट
रविवार, रात्री ९:१७

पेटीचा फोटो टाका.